हळद, ऊस आणि द्राक्षे : सेंद्रिय रसायनशास्त्राची पहिली पायरी



पांढऱ्या सदऱ्यावर आमटीचा पिवळा डाग पडतो. तो काढण्यासाठी त्यावर साबण चोळावा, तर पाहता पाहता पिवळा डाग तांबडा होतो. त्यावर लिंबू पिळावे, तर तो पुन्हा पिवळा होतो. तोच सदरा दोन-चार दिवस कडक उन्हात वाळत घातला, म्हणजे डाग फिका पडत जाऊन बहुधा नाहीसाच होतो. हा प्रकार आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिला असेल. परंतु साबणाने तांबडेपणा का यावा, लिंबाने तो का जावा, आणि उन्हाने रंगच का हरपावा, असे विचारणारे थोडे. या तीनही प्रश्नांची उत्तरे ज्या शास्त्रात सापडतात त्यास सेंद्रिय रसायनशास्त्र म्हणतात. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षास बसलेल्या विद्यार्थ्यास ज्या विषयाची सर्वांत अधिक धास्ती वाटते, तो हाच विषय होय. ही धास्ती कशामुळे उत्पन्न होते आणि ती कशी दूर करावी, याविषयी आज चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम एक खुलासा केला पाहिजे. मी निवृत्त शाळामास्तर आहे. जुन्या अकरावीची मॅट्रिक परीक्षा व त्यापुढे अध्यापनाचे शिक्षण, एवढीच माझी विद्येची शिदोरी. कॉलेजची पायरी चढण्याचा योग आला नाही. परंतु माझ्या हाताखालून गेलेली मुले-मुली कॉलेजात जाऊन सुट्टीत आपली पुस्तके घेऊन घरी येत, आणि त्यांच्या शेजारी बसून ती वाचण्याचा छंद मला जडला. तेव्हा प्राध्यापकाच्या अधिकाराने मी बोलत नाही. ज्याला हा विषय परक्या घरात शिरल्यासारखा शिकावा लागला, अशा माणसाचा अनुभव म्हणून हे ऐकावे.

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे शिक्षणाच्या बाबतीत भाग्यवान आहेत. 1919 साली कर्मवीर भाऊराव पाटील यांनी कऱ्हाड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्थेची स्थापना केली. त्याच वर्षी डेक्कन एज्युकेशन सोसायटीने सांगलीस विलिंग्डन कॉलेज उघडले. 1962 साली कोल्हापुरास शिवाजी विद्यापीठ निघाले आणि या भागातील मुलांना पदवीसाठी दूर जाण्याचे कारण उरले नाही. साताऱ्यास ‘कमवा व शिका’ या मार्गाने शिकलेल्या मुलांच्या कित्येक पिढ्या झाल्या. ज्याच्या घरात यापूर्वी कोणी कॉलेज पाहिलेले नाही, असा विद्यार्थी विज्ञान शाखेत दाखल होतो, तेव्हा त्याच्याबरोबर साऱ्या घराची उमेद वर्गात जाऊन बसते. दहावीस उत्तम गुण मिळविलेला हाच विद्यार्थी पहिल्या सहामाहीत सेंद्रिय रसायनात अडखळतो. ‘पाठ होत नाही’ असे म्हणतो, आणि पुढे विज्ञानच सोडून देतो. घरच्यांना वाटते, मुलाची बुद्धी कमी पडली. माझ्या पाहण्यात अशी मुले पुष्कळ आली. त्यांपैकी बहुतेकांची बुद्धी शाबूत होती. दोष होता तो पाठ करण्याच्या रीतीत.

हे पटण्यासाठी आपल्या हळदीचाच इतिहास पाहू. सांगली ही हळदीची पेठ. शेजारच्या हरिपुरास जमिनीत खोल पेवे खणून त्यांत हळद साठविण्याची चाल पिढ्यान्‌पिढ्या होती. 2018 साली सांगलीच्या हळदीस भौगोलिक मानांकनही मिळाले. हळदीला पिवळा रंग देणाऱ्या द्रव्यास कर्क्युमिन म्हणतात. फोगेल आणि पेल्तिए या दोन रसायनज्ञांनी ते हळदीतून 1815 साली वेगळे काढले. परंतु त्याच्या रेणूत कोणता अणू कोणत्या अणूस जोडलेला आहे, हे कळण्यास 1910 साल उजाडावे लागले. मध्ये पंचाण्णव वर्षे गेली! द्रव्य हातात होते, त्याचे वजन करता येत होते, ते जाळून पाहता येत होते. तरी एवढा काळ का लागला? कारण त्यासाठी जे ज्ञान हवे होते, तेच अद्याप जन्मास यावयाचे होते. त्या पंचाण्णव वर्षांत जगाने जे शिकून घेतले, तोच आज कॉलेजच्या पहिल्या वर्षाचा अभ्यासक्रम आहे. शंभर वर्षांचा मार्ग मुलाला एका वर्षात चालावयाचा असतो. तो मार्ग कोणत्या क्रमाने गेला हे त्यास ठाऊक असेल, तर चालणे पुष्कळ सुकर होते.

मार्गाचा पहिला टप्पा 1828 सालचा. त्या काळी अशी समजूत होती, की वनस्पती व प्राणी यांच्या शरीरात सापडणारी द्रव्ये जीवशक्तीवाचून तयार होणेच शक्य नाही. सेंद्रिय, म्हणजे इंद्रियांनी युक्त अशा सजीवांपासून झालेले, हे नाव त्याच समजुतीतून आले. जर्मनीतील व्होलर या रसायनज्ञाने त्या वर्षी अमोनियम सायनेट नावाचा निर्जीव क्षार तापवून त्यातून युरिया मिळविला. हाच युरिया मूत्रात असतो, आणि आज खताच्या पोत्यातून शेतावर जातो. तेव्हापासून सेंद्रिय रसायन म्हणजे कर्बाच्या, अर्थात कार्बनच्या संयुगांचे रसायन, असा अर्थ रूढ झाला. नाव मात्र जुनेच राहिले.

दुसरा टप्पा अधिक महत्त्वाचा आहे, आणि तो कृष्णा-वारणेच्या काठी सहज समजेल. साखर कारखान्यात साखर काढून घेतल्यावर मळी उरते. मळीतील साखरेवर यीस्ट नावाचे सूक्ष्म जीव काम करतात आणि तिचे अल्कोहोल बनते. हिशेबाने पाहिले तर 180 ग्रॅम ग्लुकोजपासून 92 ग्रॅम अल्कोहोल व 88 ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघावा. या अल्कोहोलच्या रेणूत कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एक, असे नऊ अणू असतात. आता दुसरे एक द्रव्य घ्या, डायमिथिल ईथर. त्यातही कार्बनचे दोन, हायड्रोजनचे सहा आणि ऑक्सिजनचा एकच अणू. दोघांच्या रेणूंचे वजनही तेच. परंतु अल्कोहोल हा द्रव असून 78 अंश सेल्सिअसला उकळतो, आणि ईथर हा वायू असून उणे 25 अंशांच्या आसपास थंड केल्यावाचून द्रवरूप होत नाही. सामान सारखे, संख्या सारखी, आणि गुण मात्र शंभर अंशांनी वेगळे! ‘रमा’ आणि ‘मार’ या शब्दांत तीच अक्षरे व तोच काना आहे. स्थान बदलताच अर्थ बदलतो, तसेच हे. अल्कोहोलमध्ये ऑक्सिजन एका बाजूस कार्बनला व दुसऱ्या बाजूस हायड्रोजनला धरून असतो. या जोडीमुळे एक रेणू शेजारच्या रेणूला ओढून धरतो आणि त्यांना सुटे करण्यास उष्णता अधिक लागते. ईथरमध्ये ऑक्सिजन दोन कार्बनांच्या मध्ये बसलेला असतो, म्हणून ती ओढ नाही. अशा जोड्यांना शाळेच्या पुस्तकात समघटक म्हणतात. कोणते अणू किती, याहून कोण कोणास जोडलेला, हा प्रश्न या शास्त्रात मोठा आहे.

त्याचे उत्तर शोधण्याची किल्ली 1858 साली केकुले आणि कूपर या दोघांनी स्वतंत्रपणे दिली. कार्बनला चार हात असतात, म्हणजे त्याची संयुजा चार असते, आणि तो दुसऱ्या कार्बनचाही हात धरू शकतो. या दोन वाक्यांवर या शास्त्राची सारी इमारत उभी आहे. 1865 साली केकुलेने बेंझीनच्या सहा कार्बनांचे कडे मांडले. कर्क्युमिनच्या रेणूत अशी दोन कडी आहेत आणि सात कार्बनांच्या साखळीने ती एकमेकांस जोडलेली आहेत. 1865 पूर्वी कोणीही कितीही हुशार असता, तरी ही आकृती त्याला काढता आली नसती.

येथवर रेणू कागदावर होता. तो कागदावरून उचलून अवकाशात मांडण्याचे श्रेय द्राक्षांकडे जाते. तासगावच्या बागांतील द्राक्षांत जी आंबट चव असते, ती मुख्यतः टार्टारिक आम्लाची. द्राक्षांच्या मद्याच्या पिंपांत या आम्लाच्या क्षाराचा थर साचत असे. 1848 साली पंचवीस वर्षांच्या लुई पाश्चरने टार्टारिक आम्लाच्या एका निराळ्या प्रकाराचे स्फटिक तयार करून ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. त्यांत दोन आकृतींचे स्फटिक मिसळलेले होते, आणि त्या आकृती आपल्या डाव्या-उजव्या हातांसारख्या परस्परांची प्रतिबिंबे होत्या. त्याने चिमट्याने एकेक स्फटिक वेचून दोन ढीग केले. एका ढिगाच्या द्रावणाने प्रकाशाचे प्रतल उजवीकडे वळविले, दुसऱ्याने तितकेच डावीकडे. याचे कारण सव्वीस वर्षांनी कळले. 1874 साली व्हांट हॉफ आणि ल बेल यांनी सांगितले, की कार्बनचे चार हात एका पातळीत पसरलेले नसून चतुष्फलकाच्या चार कोपऱ्यांकडे वळलेले असतात. कोणत्याही दोन हातांमधील कोन सुमारे 109.5 अंशांचा. चार हातांवर चार निरनिराळे गट बसले, म्हणजे त्यांची मांडणी दोन प्रकारे होऊ शकते, डावी आणि उजवी. व्हांट हॉफ तेव्हा बावीस वर्षांचा होता. रसायनशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक 1901 साली त्यालाच मिळाले. आपल्या कॉलेजातील मुलांचे वय याच सुमाराचे असते, ही गोष्ट त्यांना आवर्जून सांगावी.

आता पुन्हा डागाकडे येऊ. आकृती कळली तरी रंग का बदलतो हे कळण्यास आणखी एका गोष्टीची जरूर होती, ती म्हणजे इलेक्ट्रॉन. 1897 साली टॉमसनने त्याचा शोध लावला. 1916 साली ल्युइसने दाखविले, की ज्याला आपण रेणूतील बंध म्हणतो तो दोन अणूंनी भागीत धरलेली इलेक्ट्रॉनांची जोडी होय. कर्क्युमिनच्या प्रत्येक कड्यावर ऑक्सिजन व हायड्रोजन यांची एकेक जोडी लटकलेली असते. कड्यावर बसलेल्या या गटाला फिनॉल म्हणतात. साबण अथवा चुना अल्कधर्मी असल्यामुळे तो या गटाचा हायड्रोजन काढून घेतो, परंतु त्याची इलेक्ट्रॉनांची जोडी ऑक्सिजनपाशीच राहते. कर्क्युमिनमध्ये कडी व साखळी मिळून एकआड एक दुहेरी बंधांची लांब रांग असते. ऑक्सिजनपाशी राहिलेले इलेक्ट्रॉन या रांगेत पसरतात आणि त्यांना वावरण्यास पूर्वीपेक्षा मोकळी जागा मिळते. मिरजेचा तंबोरा ज्यांनी वाजविला आहे त्यांस ठाऊक असेल, की तार लांब तर स्वर खालचा. येथे तसेच काहीसे घडते. इलेक्ट्रॉनांना जागा अधिक मिळाली, म्हणजे कमी शक्तीचा प्रकाश त्यांना हालविण्यास पुरतो. साधे कर्क्युमिन जांभळा-निळा प्रकाश शोषते, म्हणून ते आपल्याला पिवळे दिसते. हायड्रोजन गेला, म्हणजे शोषण हिरव्या प्रकाशाकडे सरकते आणि डाग तांबडा दिसतो. लिंबातील आम्ल गेलेला हायड्रोजन परत आणून देते, आणि पिवळेपणा परततो. उन्हातील अतिनील किरण मात्र ती लांब साखळीच तोडून टाकतात. तंबोऱ्याची तार तुटली, म्हणजे स्वर कोठला? म्हणून उन्हाने गेलेला डाग लिंबाने परत येत नाही.

पाहा, एका डागात किती प्रकरणे आली! संयुजा, बेंझीनचे कडे, आम्ल आणि अल्क, क्रियात्मक गट, इलेक्ट्रॉनांचा प्रवास. पुस्तकात ही प्रकरणे वेगवेगळी असतात, म्हणून विद्यार्थी ती वेगवेगळी पाठ करतो आणि परीक्षेच्या मांडवात ती एकमेकांत मिसळतात. वस्तुतः सर्वांच्या मागे एकच प्रश्न आहे : इलेक्ट्रॉन कोठे अधिक आहेत, कोठे उणे आहेत, आणि ते कोठून कोठे जातील?

क्रियात्मक गट हा शब्द आला, त्याचा थोडा विस्तार करतो. ज्यांनी शाळेत संस्कृत घेतले त्यांना प्रत्यय ही वस्तू परिचित आहे. शब्द कोणताही असो, प्रत्यय ओळखला की विभक्ती कळते. रेणूचेही तसेच आहे. कार्बनची साखळी हा मूळ शब्द आणि क्रियात्मक गट हा प्रत्यय. एक कार्बन असला तर मिथ, दोन असले तर इथ, तीन असले तर प्रोप. पुढे ‘ऑल’ लागले की अल्कोहोल, ‘ओइक’ लागले की आम्ल. मळीच्या अल्कोहोलचे शास्त्रीय नाव इथेनॉल, आणि ते हवेत आंबून जो व्हिनेगर होतो त्यातील आम्लाचे नाव इथेनोइक. पंचवीस-तीस नावे पाठ करण्याऐवजी पाच-सहा मूळ शब्द व सात-आठ प्रत्यय कळले, तर पुष्कळ नावे आपोआप तयार होतात.

दोन गट एकत्र आले म्हणजे काय घडते, याचे उदाहरण तासगावच्या बेदाण्याच्या शेडमध्ये पाहावयास मिळते. द्राक्षे वाळत घालण्यापूर्वी ती पोटॅशियम कार्बोनेट आणि बागाईतदार ज्याला डिपिंग ऑइल म्हणतात ते तेल, यांच्या द्रावणात बुडवितात. हे तेल म्हणजे मुख्यतः इथिल ओलिएट. ओलिक आम्ल आणि अल्कोहोल यांच्या संयोगातून पाण्याचा एक रेणू निघून गेला, म्हणजे हे द्रव्य बनते. अशा द्रव्यांना एस्टर म्हणतात. ओलिक आम्ल शेंगदाण्याच्या तेलातही ग्लिसरीनशी जोडलेल्या रूपात भरपूर असते. द्राक्षाच्या सालीवर मेणाचा पातळ थर असतो. या द्रावणाने त्या थराची ठेवण बदलते, आतील पाण्यास बाहेर पडण्यास वाट मिळते, आणि बेदाणा लवकर वाळतो. ऊस, शेंगदाणा व द्राक्ष ही तीन पिके ज्या ठिकाणी एका पिंपात भेटतात, त्या ठिकाणचा मुलगा ‘एस्टर माझ्या डोक्यात शिरत नाही’ असे म्हणतो, याचे मला नवल वाटते. त्याला एस्टर कोणी दाखविलेला नसतो, एवढाच त्याचा अर्थ.

आता अभ्यास कसा करावा, हे थोडक्यात सांगतो.

पहिली गोष्ट, हाताने आकृत्या काढाव्यात. पुस्तकातील अथवा मोबाइलवरील चित्र नुसते पाहिल्याने समजल्याचा भास होतो. पुस्तक मिटून तीच आकृती कोऱ्या कागदावर, इलेक्ट्रॉनांच्या सुट्या जोड्यांसह काढता आली, तरच ती समजली म्हणावी. बाण काढताना तो नेहमी इलेक्ट्रॉनांपासून निघाला पाहिजे, आणि ज्याला इलेक्ट्रॉन उणे आहेत तेथे पोहोचला पाहिजे. पाणी उंचावरून सखलाकडे जाते, तसा हा नियम समजावा.

दुसरी गोष्ट, आम्ले व अल्क यांचे प्रकरण पक्के केल्याखेरीज पुढे जाऊ नये. इथेनॉल, फिनॉल आणि ॲसेटिक आम्ल, या तिघांतही ऑक्सिजनला धरून हायड्रोजन आहे. परंतु तो सोडून देण्याची तयारी निरनिराळी आहे. पुस्तकात यांचे आकडे अनुक्रमे सुमारे 16, 10 व 4.8 असे दिलेले असतात. आकडा एकने उतरला की आम्लता दहापट वाढते. म्हणजे फिनॉल हे इथेनॉलहून सुमारे दहा लाख पट अधिक आम्ल आहे. असे का, हे विचारावे. हायड्रोजन गेल्यावर मागे राहिलेला भार जितका पसरून बसतो, तितका तो सुखाने राहतो, हे त्याचे उत्तर. तेच उत्तर आपण हळदीच्या डागात पाहिले. प्रयोगशाळेत ॲसेटिक आम्लावर खाण्याचा सोडा टाकला की बुडबुडे येतात, फिनॉलवर येत नाहीत. फिनॉल कॉस्टिक सोड्यात मात्र विरघळते. विद्यार्थी ही परीक्षा यांत्रिकपणे करतात आणि वहीत उतरवितात. हे आकडे डोळ्यांसमोर ठेवले, तर त्याच परीक्षेत अर्थ दिसू लागेल.

तिसरी गोष्ट, रेणू हातात घेऊन पाहावा. विकतचे नमुने महाग असतात. गणपतीच्या शाडूच्या गोळ्या आणि उदबत्तीच्या काड्या पुरेत. एका गोळीत चार काड्या चतुष्फलकाप्रमाणे खोचाव्यात, टोकांस चार रंगांच्या गोळ्या लावाव्यात, आणि आरशासमोर धरून आरशातल्यासारखा दुसरा नमुना करावा. ते दोन नमुने कसेही फिरविले तरी एकावर एक बसत नाहीत, हे बोटांना कळले म्हणजे पाश्चरचे ढीग आयुष्यभर विसरावयाचे नाहीत.

चौथी गोष्ट भाषेची आहे, आणि मराठी शाळेतून आलेल्या मुलांसाठी ती सर्वांत महत्त्वाची. शाळेत जी संयुजा होती ती कॉलेजात व्हॅलन्सी होते. समघटकाचा आयसोमर होतो, क्रियात्मक गटाचा फंक्शनल ग्रूप, प्रतियोजनाचे सबस्टिट्यूशन. मुलाला वाटते, सारेच नवे आहे. त्यातील निम्मे त्याने दहावीपर्यंत शिकलेले असते, केवळ वेष बदलल्यामुळे तो ओळखत नाही. वहीच्या शेवटच्या पानांवर दोन रकाने आखून, शाळेचा शब्द व कॉलेजचा शब्द समोरासमोर लिहीत जावे. दोन महिन्यांत ती पाने भरतात आणि भीती बरीच ओसरते. विचार मराठीत करावा आणि उत्तर इंग्रजीत लिहावे. यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही.

शेवटी घरच्या मंडळींस एक विनंती. आपला मुलगा किंवा मुलगी या विषयात मागे पडत असेल, तर ‘किती तास वाचलेस’ असे विचारू नये. ‘आज काय काढलेस, ते मला समजावून सांग’ असे म्हणावे. आपल्याला त्यातील काही कळत नसले तरी चालेल. न कळणाऱ्यास समजावून सांगताना सांगणाऱ्याचे कोठे अडते, ते त्याचे त्यालाच उमगते. ज्या मुलांच्या शेजारी मी बसलो, त्यांनी मला समजावून सांगता सांगताच आपला विषय पक्का केला. ज्या जगाला हळदीचा एक रेणू ओळखण्यास पंचाण्णव वर्षे लागली, त्या जगातील एखाद्या मुलाला एका सहामाहीत तो उमगला नाही, तर एवढ्यावरून त्याच्या बुद्धीचा निवाडा करू नये. त्याला आणखी एक सहामाही द्यावी, कोरे कागद द्यावेत, आणि संध्याकाळी थोडा वेळ त्याच्याजवळ बसावे.